साथ, शिवाशिव आणि शेजार

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त केलेले भाषण)



कार्यक्रम पत्रिकेत आमच्या नावापुढे 'कोरोना काळातील अनुभव' असा विषय छापला आहे. विषय फार मोठा आहे. दुसरी लाट, ऑक्सिजनसाठी केलेली धावपळ, लशीच्या रांगा, हे सगळे सांगत बसलो तर तिकडे भोजनदान थंड होईल आणि महिला मंडळ आम्हाला माफ करणार नाही. म्हणून आम्ही फक्त सुरुवातीच्या पाच-सहा आठवड्यांवर बोलणार आहोत. मार्च २०२० पासून त्या वर्षीच्या भीमजयंतीपर्यंत, बस्स. साथ पुढे वर्ष-दोन वर्षे चालली, पण शेजाऱ्याने शेजाऱ्याशी कसे वागायचे हे त्या पहिल्या दिवसांतच ठरून गेले होते. आणि जी पोरे आज दहावी-बारावीला आहेत त्यांना त्या दिवसांचे विचारले तर 'शाळेला सुट्टी होती' एवढेच आठवते. त्यांच्यासाठी हे सांगणे आहे.

९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि ११ मार्चला मुंबईत. तोपर्यंत आपल्या चाळीत हा विमानवाल्यांचा रोग समजला जात होता. नळावर, नाक्यावर एकच बोलणे, 'आपण कधी विमानात बसलो? आपल्याला काय होतंय!' त्याच सुमारास कोंबडीतून कोरोना येतो असे मोबाइलवर कुणीतरी सोडून दिले आणि कोंबडी कवडीमोल झाली. आपल्या वस्तीत मात्र त्या रविवारी घरोघरी कोंबडी शिजली. भीती एकीकडे आणि स्वस्ताई एकीकडे, तेव्हा गरिबाचे पारडे कुठे झुकणार ते सांगायला नको. मग १७ मार्चला कस्तुरबा रुग्णालयात मुंबईतला पहिला मृत्यू झाला. कस्तुरबा म्हणजे आपल्याला चालत जाण्याचे अंतर. आपली तीन-चार माणसे तिथे कामाला. त्या दिवशी नळावरचे हसणे बंद झाले.

२२ मार्चला रविवार होता, म्हणजे आपल्या वंदनेचा दिवस. त्या दिवशी जनता कर्फ्यू होता. विहाराचा दरवाजा रविवारी बंद, हे दृश्य आपल्यापैकी कुणी पाहिलेले नव्हते. दंगलीच्या दिवसांत, १९९२-९३ साली सुद्धा दोन-चार माणसे आत बसून वंदना घेत होती. संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या. आणि त्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या. बंधू-भगिनींनो, मुंबईच्या माणसाला घाबरवायला दुसरे काही लागत नाही. बॉम्बस्फोट झाले, २००५ सालच्या २६ जुलैला शहर पाण्यात गेले, तरी एक-दोन दिवसांत गाडी सुरू झाली होती. या वेळी पहाटेच्या पहिल्या गाडीचा आवाज आला नाही आणि म्हातारी माणसे अंथरुणात उठून बसली. सर्वसामान्य माणसाला पुन्हा लोकलमध्ये पाय ठेवायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडावी लागली, आणि तीही ठराविक वेळेतच.

२५ मार्चपासून देशभर एकवीस दिवसांचे लॉकडाऊन सुरू झाले. 'घरी राहा, सुरक्षित राहा' असा संदेश आला. आता घर म्हणजे काय, ते ज्याच्या त्याच्या घरावर असते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे. निम्मी माणसे कामावर असतात म्हणून ती खोली पुरते. कुणी पाळीला, कुणी शाळेत, कुणी गॅलरीत, कुणी नाक्यावर. सगळेच एकदम घरात आले तेव्हा झोपायला जागा कमी पडली. वारंवार हात धुवा म्हणे, आणि पाणी येते पहाटे तासभर. संडास मजल्यावर सामाईक. दुकानासमोर खडूने गोल आखले होते, त्यात उभे राहायचे. संडासासमोर कुठे गोल आखणार?

पहिली अडचण उभी राहिली ती खानावळीची. ही गोष्ट वर्तमानपत्रात फारशी आली नाही, आणि तेव्हा मुंबईत वर्तमानपत्रेच घरी येणे बंद झाले होते. आपल्या वस्तीत गाळ्यांमधून राहणारी एकटी माणसे बरीच. काही आपली, साताऱ्या-सांगलीकडची, काही उत्तर प्रदेश-बिहारची. त्यांच्याकडे स्टोव्ह नाही, भांडे नाही. ती जेवतात खानावळीत. खानावळ बंद झाली म्हणजे त्यांची चूलच विझली. शिवभोजन थाळी होती, त्या दिवसांत तिचे पाच रुपये केले होते, पण केंद्रापर्यंत जायचे तर नाक्यावर पोलीस दंडुका घेऊन उभा. तेव्हा आपल्या दोन खानावळवाल्या बाया पुढे आल्या. त्या म्हणाल्या, 'धान्य तुम्ही आणा, आम्ही रांधतो. पैशाचं मागाहून बघू.' जयंतीची वर्गणी नुकतीच जमू लागली होती. समितीने फोनवरच बैठक घेतली. काही जणांचे म्हणणे पडले की जयंतीचा पैसा जयंतीलाच लागला पाहिजे, दुसरीकडे वळवला तर पुढच्या वर्षी कोण देईल? हे म्हणणे अगदी टाकाऊ नव्हते, वर्गणी गोळा करणाऱ्यालाच ते कळते. शेवटी एका आजींनी फोन नातवाच्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, 'बाबासाहेबांना लायटिंग दाखवणार का उपाशी माणसं?' तिथे चर्चा संपली. तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा-साखर आणि साबण यांची पाकिटे झाली. दोन वेळची खिचडी सुरू झाली. कुणाला द्यायची हे विचारताना जात-धर्म-गाव विचारायचे नाही असे ठरले होते, आणि ते पाळले गेले.

त्याच वेळी एक वही सुरू झाली. खोली नंबर, माणसे किती, एकटे कोण, साखर-रक्तदाब कुणाला, गोळ्या कोणत्या, रेशन कार्ड आहे की नाही, गावचा फोन. दुपारच्या वेळी चार पोरे मजल्या-मजल्याने फिरून दारातूनच विचारून लिहीत. तोपर्यंत आपण समजत होतो की चाळीत सगळे सगळ्यांना ओळखतात. वही भरू लागली तेव्हा कळले की वरच्या मजल्यावरच्या एका निवृत्त कामगाराच्या हृदयाच्या गोळ्या चार दिवसांपूर्वीच संपल्या होत्या आणि तो संकोचाने कुणाला बोलला नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही खरे म्हणजे उभे राहिलो ती सांगतो.

त्या काळात एक शब्द दिवसरात्र कानावर पडत होता, 'सोशल डिस्टन्सिंग'. त्याचे मराठी केले 'सामाजिक अंतर'. शब्द कुणी वाईट हेतूने काढला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने सुद्धा मार्च २०२० मध्येच सांगितले की याला शारीरिक अंतर म्हणावे, कारण माणसांनी मनाने एकमेकांपासून दूर जावे असा अर्थ नाही. पण आपल्या कानाला तो शब्द आधीच खटकला होता. सामाजिक अंतर म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना शिकवावे लागले नव्हते. गळ्यात मडके नि कमरेला खराटा ही वेळ ज्यांच्या पूर्वजांवर आली, त्यांना 'लांब राहा, शिवू नका, तुमची भांडी वेगळी' हे पुन्हा ऐकताना कसे वाटले असेल?

आणि ते कुणाला ऐकावे लागले? 'घरी राहा' हा आदेश ज्यांना लागू नव्हता त्यांना. महापालिकेचे सफाई कामगार, बेस्टचे चालक-वाहक, वॉर्डबॉय, आयाबाई, मुर्दाघरात काम करणारे. आपल्या वस्तीतले हे लोक रोज पहाटे निघत होते. सारे शहर दारे लावून बसले तेव्हा शहर ज्यांच्या हातांवर चालले त्यांची यादी काढा, त्यात आपली माणसे किती आहेत ते बघा. त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या. ते संध्याकाळी घरी परतले तेव्हा मात्र लोक गॅलरीतून आत जाऊन दार लावून घेऊ लागले.

आपल्याच एका चाळीत एक भगिनी मोठ्या रुग्णालयात आया म्हणून कामाला आहेत. त्यांचे नाव आम्ही घेत नाही, त्या इथेच बसल्या आहेत आणि त्यांना ते आवडणार नाही. एप्रिलच्या सुरुवातीला मजल्यावरच्या काही घरांनी ठरवले की त्यांनी सामाईक नळावर यायचे नाही. त्यांच्यासाठी पाणी दुसऱ्या कुणीतरी भरून दारात ठेवायचे, लांबून ओतायचे. लोक वाईट नव्हते, घाबरलेले होते. घरात लहान मुले, म्हातारी माणसे. वरळी कोळीवाडा बंद झाला होता, १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला होता. भीती खरी होती. पण भीतीने काढलेला मार्ग कुठून आला होता? तो आपल्याच इतिहासातून आला होता आणि कुणाच्या लक्षात येत नव्हते.

त्या भगिनी कामावरून आल्या, जिन्याखाली उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. त्यांचे शब्द आमच्या कानात आहेत. 'मी सगळ्यांच्या शेवटी पाणी भरीन. नळ साबणाने धुऊन देईन. दहा हात लांब उभी राहीन. संडास वेगळा ठेवा, तोही मीच धुईन. हे सगळं मला कबूल आहे, मला दवाखान्यात तेच शिकवलंय. पण माझ्या बादलीत वरून पाणी ओतायचं नाही. माझ्या आजीच्या ओंजळीत ओततात तसं पाणी मी घेणार नाही.'

बंधू-भगिनींनो, १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेब का गेले होते, यावर आम्ही पुष्कळ भाषणे ऐकली आहेत, दोन-चार केलीही आहेत. जिन्याखालच्या या चार-पाच वाक्यांत जेवढे समजले तेवढे त्यांत समजले नव्हते. रोगासाठी ठेवलेल्या अंतराला मोजमाप असते. किती हात, किती दिवस, कशासाठी, हे सांगता येते आणि दोघांनाही ते सारखेच पाळावे लागते. तिने मोजून सांगितले. शिवाशिवीला ना मोजमाप ना मुदत, आणि ती एकाच बाजूने पाळायची असते.

त्या रात्री वेळापत्रक झाले. दवाखान्यात, सफाईत, बेस्टमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांना मिळून नळाची शेवटची पंधरा मिनिटे, आणि पाणी गेले तर ज्याचे पिंप भरलेले आहे त्याने द्यायचे. टोकाचा संडास त्यांच्यासाठी ठेवला, आणि त्याच्यावर पाटी लावायची नाही असेही ठरले. पाटीवरून अर्धा तास वाद झाला हो! 'पाटी नाही तर कळणार कसं?' 'सगळ्यांना माहीत आहे ना, मग पाटी कशाला?' शेवटी पाटी लागली नाही. पुढे शास्त्रज्ञांनी सांगितले की हा विषाणू मुख्यतः श्वासातून, बंद जागेतल्या हवेतून पसरतो. मास्क आणि उघडी खिडकी यांचे महत्त्व जास्त. म्हणजे नळापेक्षा बंद खोलीतली गर्दी धोक्याची होती. तेव्हा हे जगातच नीट माहीत नव्हते.

हे सगळे मुंबईला नवीन नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. तेव्हा शहराची वस्ती सुमारे साडेआठ लाख. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ चार लाख माणसे शहर सोडून गेली होती. त्यात गिरणी कामगार फार मोठ्या संख्येने होते. आणि जे मागे राहिले त्यांना भीती रोगापेक्षा इस्पितळाची, की नेलेला माणूस परत येत नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ते इस्पितळ म्हणजेच आजचे कस्तुरबा! ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा आला. मार्च २०२० मध्ये सरकारने आपल्यावर जो लावला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा.

पण एक फरक गिरणी कामगार म्हणून आमच्या मनाला लागतो. १८९७ साली माणसे निघून गेली तेव्हा गिरण्यांचे साचे चालू होते आणि चालवायला हात नव्हते. मालकांनी रोजचा पगार रोज द्यायला सुरुवात केली, नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागली. एरवी महिना-दीड महिना पगार अडकवून ठेवणारे मालक, पण गरज पडली तेव्हा मजुराला थांब म्हणाले. २०२० मध्ये माणसे पायी निघाली तेव्हा यंत्रे आधीच थांबली होती. 'थांब' म्हणायला नाक्यावर कुणी आले नाही. १४ एप्रिलला, नेमके जयंतीच्या दिवशी, वांद्रे स्टेशनबाहेर गावी जायला हजारो मजूर जमले आणि त्यांच्यावर लाठ्या चालल्या. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ज्यांनी आपल्या गाळ्यात खिचडी खाल्ली त्यांतलेही काही जण नंतर पायी गेले. दोघांचे पोहोचल्याचे फोन आले. बाकीच्यांचे काय झाले कळले नाही.

गावाचेही तसेच. १९८२ च्या संपात आम्ही शाळकरी होतो. अडीच लाख कामगार घरी बसले, पण गावाहून तांदूळ यायचा, नाचणी यायची, आणि पोरांना गावी पाठवता यायचे. २०२० साली कित्येक गावांनी वेशीवर ओंडके टाकले. मुंबईकर नको. त्यांचीही भीती खरीच. गावात दवाखाना नाही, तर साथ आली तर जायचे कुठे?

प्लेगच्या त्याच वर्षी एका महिन्यात आपण दोन माणसे गमावली. गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ ला मुंबईत प्लेगने गेले. साथीत रुग्णांची सेवा करतच गेले. १० मार्चला पुण्यात सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, आणि प्लेग त्यांना लागला. रोग लागतो हे त्यांना ठाऊक नव्हते असे कुणी समजू नये, मुलगा डॉक्टर होता. दोघेही सत्यशोधक. आपल्या आयाबाई, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना कुणाच्या रांगेत बसवायचे, ते आपण ठरवायचे.

भगवंतांची एक गोष्ट विनयपिटकात आहे, भन्तेजी आमच्यापेक्षा नीट सांगतील. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदाला घेऊन आले, पाणी आणले, दोघांनी त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग इतर भिक्खूंना विचारले, याची सेवा का केली नाही? ते म्हणाले, हा आमच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. लॉकडाऊनमध्ये ही गोष्ट वाचताना आम्ही त्या उत्तराशीच थांबलो. 'उपयोगाचा नाही' हे उत्तर अडीच हजार वर्षांत जुने झालेले नाही.

गिरणीचे थोडक्यात सांगतो. मार्चच्या त्या आठवड्यात आमच्या खात्यात साचे थांबले. एकवीस दिवसांची गोष्ट म्हणून लोक डबा नि कामाची चप्पल तिथेच ठेवून आले. ती गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. काही काळ अर्धा पगार आला, तोही वेळेवर नाही. साथ हे निमित्त होते की कारण, यावर कामगार अजून भांडतात. आमचे मत विचाराल तर ज्याला दार लावायचेच होते त्याला वाऱ्याची झुळूक पुरली.

आता १४ एप्रिल. मिरवणूक नाही, स्टेज नाही, चैत्यभूमीवर गर्दी करायची नाही. आपल्या समाजाने हे आपणहून पाळले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सकाळी प्रत्येक दारात निळा झेंडा, गॅलरीत उभे राहून एका सुरात त्रिसरण-पंचशील. भन्तेजी फोनवर होते, फोन कठड्यावर ठेवला होता आणि त्याचा आवाज मध्येच जात होता, तरी लोकांनी पाठ पुढे चालू ठेवला. पोरांनी घरातच अठरा तास अभ्यास केला. खरे म्हणजे दहा-बारा तासच झाला असेल, पण केला. त्याच दुपारी तळमजल्यावरच्या एक आजोबा वारले, कोरोनाने नव्हे, वयाने. वीस माणसांची परवानगी होती, आली नऊ. खांदा द्यायला जे चौघे पुढे झाले त्यांत दोन सफाई कामगार होते, आणि चौथे खांदेकरी ज्या घरातले होते ते घर आठ दिवसांपूर्वी नळावरच्या त्या ठरावात पुढे होते.

बोलण्यासारखे अजून आहे, पण वेळ झाली. जाता जाता एक कामाची गोष्ट. ती वही २०२० सालची आहे. त्यातली काही माणसे आज नाहीत, बरीच घरे संक्रमण शिबिरात गेली, भाडेकरू बदलले, मोबाइल नंबर बदलले. येत्या बुद्ध पौर्णिमेपर्यंत ती नव्याने लिहायची असे समितीने ठरवले आहे. नवीन भाडेकरूंनीही नावे द्यावीत, ते बौद्ध असोत वा नसोत. एकटे राहणाऱ्यांनी आणि रोजच्या गोळ्या असणाऱ्यांनी आधी द्यावीत, संकोच करू नये. वही विहाराच्या कार्यालयात डाव्या हाताच्या कपाटात आहे, चावी महिला मंडळाकडे आहे. रोज संध्याकाळी वंदनेनंतर तासभर कुणीतरी बसलेले असेल. पेन मात्र आपापले आणावे.

जय भीम. नमो बुद्धाय.